स्नोब्लोअरची सोंड फिरवायची कशी?

आमच्या दारापासून सार्वजनिक रस्त्यापर्यंतची वाट दोनशे मीटरची आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, जॉर्जियन बेच्या पूर्वेला राहणाऱ्या माणसाला नोव्हेंबरअखेरपासून मार्चपर्यंत अशी वाट मोकळी ठेवणं हे गावाकडच्या पाणी भरण्याइतकंच नेमाचं काम असतं. वायव्येकडून येणारी कोरडी थंड हवा न गोठलेल्या पाण्यावरून जाताना वाफ उचलते आणि किनाऱ्यावर चढली की बर्फ करून टाकून देते. दहा मैलांवर लख्ख ऊन असतं आणि आमच्याकडे रात्रीत गुडघाभर साचलेलं असतं. ते हटवायला ट्रॅक्टरमागे स्नोब्लोअर लावायचा. पहिल्याच हिवाळ्यात मला कळलं की बर्फ उचलण्याचं काम यंत्राने घेतलं आहे, पण तो कुठे टाकायचा हे काम अजून माझ्या उजव्या हाताकडेच आहे.

नाशिक-सांगलीकडे ब्लोअर म्हटलं की द्राक्षबागेत औषध फवारणारं यंत्र डोळ्यांसमोर येतं. हा ब्लोअर वेगळा, पण जोडणी ओळखीची. रोटाव्हेटरसारखाच तो थ्री पॉइंट लिंकेजला अडकतो आणि पीटीओच्या शाफ्टवर मिनिटाला ५४० फेऱ्यांनी चालतो. तोंडाशी आडवा पडलेला मोठा स्क्रू (इथे त्याला ऑगर म्हणतात) बर्फ दोन्ही बाजूंनी मध्यावर ओढून आणतो, त्याच्यामागचा पंखा तो वर भिरकावतो आणि पंख्याच्या डोक्यावरच्या वाकड्या नळकांड्यातून बर्फ बाहेर उडतो. इंग्रजीत त्या नळकांड्याला शूट म्हणतात. मी सोंड म्हणतो, कारण दिसते तशीच आणि वळायलाही तशीच हवी असते. सोंडेच्या बुडाशी एक गोल कडं असतं, त्यावर ती डावी-उजवीकडे मिळून साधारण अर्धं वर्तुळ किंवा थोडं अधिक फिरते. टोकाला एक झडप असते. ती उघडली की बर्फ लांब जातो, खाली केली की जवळ पडतो.

साध्या ब्लोअरवर ही सोंड हाताने फिरवायची असते. कड्याच्या कडेला दाते किंवा भोकं असतात, त्यांत वर्म गिअरचे आटे बसतात, वर्मपासून एक लांब दांडा युनिव्हर्सल जॉइंटमधून चालकाच्या पाठीमागे येतो आणि त्याच्या टोकाला हँडल असतं. यंत्र म्हणून ही रचना मला अजूनही आवडते. वर्म फिरला तर कडं फिरतं, पण कड्याला ढकलून वर्म फिरत नाही, म्हणजे बर्फाच्या माऱ्याने सोंड आपोआप वळत नाही. गैरसोय आहे ती माणसाच्या बाजूला. मागे लावलेला ब्लोअर चालवायचा म्हणजे ट्रॅक्टर उलटा न्यायचा. मान मागे वळलेली, डावा हात स्टिअरिंगवर, पाय पेडलवर, आणि उरलेल्या हाताने हँडल फिरवायचं. माझ्या यंत्रावर सोंड एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेण्यासाठी हँडलचे बारा फेरे लागतात. ट्रॅक्टरला बंद केबिन असेल तर मागची काच उघडल्याशिवाय हात हँडलपर्यंत पोहोचत नाही, आणि काच उघडली की उडालेला बर्फ मांडीवर येतो.

सोंड इतक्यांदा वळवावी का लागते, हे न पाहिलेल्या माणसाला पटकन कळत नाही. आमच्या दाराशी गाड्या उभ्या असतात, तिथे बर्फ पूर्वेला टाकायचा. पुढे कुंपण आहे, तिथे पश्चिमेला. वाटेच्या मधल्या वळणावर वारा बाजूचा समोरचा होतो. मग विजेचा खांब, मग टपालपेटी, आणि शेवटी सार्वजनिक रस्ता. ऑन्टारिओच्या हायवे ट्रॅफिक अ‍ॅक्टच्या १८१व्या कलमानुसार रस्त्यावर परवानगीशिवाय बर्फ टाकता येत नाही, आणि कायदा नसता तरी कुणाच्या गाडीसमोर ढीग टाकणं शोभलं नसतं. शेवटच्या पंधरा मीटरमध्ये सोंड दोन-तीनदा तरी वळते.

सगळ्यांत मोठं कारण मात्र वारा. खळ्यावर उपणणी पाहिलेल्याला हे सांगावं लागत नाही. तिवईवर उभा राहिलेला माणूस सूप हलवण्याआधी वारा कुठून येतो ते पाहतो, वारा फिरला की स्वतः फिरतो, नाहीतर भुसा डोळ्यांत जातो. सुका भुसभुशीत बर्फ भुशासारखाच उडतो. वाऱ्याच्या तोंडावर टाकला तर अर्धा परत येतो, केबिनची काच पांढरी होते आणि साफ केलेली वाट पुन्हा झाकली जाते. वारा पडला-उठला की दहा अंश इकडे, दहा अंश तिकडे अशी सोंड हलवत राहावी लागते. हँडल फिरवून कंटाळलेला माणूस ते करत नाही, आणि मग तीच वाट दोनदा साफ करतो. सोंडेला यांत्रिक शक्ती लावण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो. हाताचे कष्ट वाचतातच, पण त्याहून मोठी गोष्ट ही की माणूस वाऱ्याप्रमाणे वागू लागतो.

या यंत्राच्या जन्मापासून हा प्रश्न त्याच्यासोबत आहे. क्वेबेकच्या आर्थर सिकार याने १९२५मध्ये मॉन्ट्रियलमध्ये चालण्याजोगा पहिला स्नोब्लोअर बांधला. ट्रकच्या सांगाड्यावरच्या त्या यंत्राला दिशा बदलता येणाऱ्या दोन सोंडा होत्या. त्यांतून बर्फ नव्वद फूट लांब टाकता येई किंवा बाजूने चालणाऱ्या ट्रकमध्ये भरता येई. मॉन्ट्रियलमध्ये हिवाळ्यात दोन मीटरच्या आसपास बर्फ पडतो आणि तिथले रस्ते आजही याच पद्धतीने रिकामे होतात: पुढे ब्लोअर, शेजारी ट्रक, आणि सोंड ट्रकच्या हौद्यावर धरलेली. आपल्याकडे झोजी ला किंवा रोहतांगला गेलेल्यांनी बर्फाच्या भिंतींमधून कापून काढलेला रस्ता पाहिला असेल. तिथली सीमा सडक संघटनेची यंत्रं ट्रॅक्टरला जोडलेल्या ब्लोअरपेक्षा कितीतरी मोठी, पण चालकापुढचा प्रश्न तोच असतो. उडवलेला बर्फ दरीकडे गेला पाहिजे. डोंगराकडे गेला तर खाली घसरून पुन्हा रस्त्यावर येणार.

मोठ्या यंत्रांवर सोंड फिरवण्याची सोय कारखान्यातच होते. प्रश्न आहे तो लहान ट्रॅक्टरवाल्यांचा. वीस-चाळीस अश्वशक्तीचे हे ट्रॅक्टर उत्तर अमेरिकेत घरोघरी दिसतात. आपल्या महिंद्राचेही आहेत, ते अमेरिकेत १९९४पासून विकले जातात. त्यांच्यामागे लागणारे ब्लोअर बहुधा हँडलचे असतात, आणि त्यांना नंतर मोटर बसवायची तर अनेक मार्ग समोर येतात: वायपरची मोटर, विंच, हायड्रॉलिक मोटर, सिलिंडर, इलेक्ट्रिक अ‍ॅक्च्युएटर. चर्चा लगेच ‘कोणती मोटर?’ इथे जाते. गेल्या काही हिवाळ्यांत मी स्वतः दोन पद्धती बसवल्या आणि शेजारपाजारच्या पाच-सहा जवळून पाहिल्या. त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की मोटर हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न कड्याचा.

माझ्या ब्लोअरचं कडं चार लोखंडी पट्ट्यांनी खाली धरलेलं होतं. मधे जुना रंग, गंज आणि दोन हिवाळ्यांचं घट्ट झालेलं ग्रीस. हँडलच्या मुठीला सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा अडकवून ओढून पाहिलं, तर सोंड हलायला नऊ किलोंचा जोर लागत होता, आणि तोही उन्हाळ्यात, बर्फाचा कण नसताना. मग सोंड उतरवली. कडं एका बाजूला चेपलं होतं, ते लाकडी ठोकळ्यावर ठेवून गोल केलं. तारेच्या ब्रशने गंज काढला. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मधे प्लॅस्टिकच्या चकत्या हव्या होत्या, त्या स्वयंपाकघरातल्या जाड पांढऱ्या चॉपिंग बोर्डमधून कापल्या. तो बोर्ड पॉलिएथिलीनचा असतो, थंडीत तडकत नाही आणि ओल धरत नाही. सगळं परत बसवून काटा लावला तर तीन किलो.

या नऊ आणि तीनमधला फरक मोटरच्या भाषेत काय होतो ते पाहू. हँडलची त्रिज्या १५ सेंटिमीटर. नऊ किलो म्हणजे सुमारे १३ न्यूटन-मीटर पीळ, तीन किलो म्हणजे साडेचारच्या आत. बारा फेरे पाच सेकंदांत हवे असतील तर दांडा मिनिटाला १४४ फेऱ्यांनी फिरायला हवा. पहिल्या स्थितीत त्यासाठी दांड्यावर जवळपास २०० वॅट लागतात, दुसऱ्या स्थितीत ७०च्या आत. मोटर आणि तिच्या गिअरबॉक्समध्ये निम्मी शक्ती जाते असं धरलं तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर एकीकडे ३३ अँपिअर आणि दुसरीकडे अकरा-बारा. एकाच यंत्रावर, एकाच दिवसात, केवळ ब्रश आणि चॉपिंग बोर्ड वापरून हा फरक पडला. ज्यांची मोटर जळली किंवा ‘कमी पडली’, त्यांतल्या बहुतेकांनी कडं उघडलंच नव्हतं. म्हणून कुणी विचारलं की मी आधी काटा लावायला सांगतो.

आता मोटरी. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वापरली जाणारी म्हणजे मोडीत निघालेल्या गाडीच्या वायपरची मोटर. ती पाऊस-थंडीसाठीच बनलेली असते, तिच्या पोटात स्वतःचा वर्म गिअर असतो आणि ती मिनिटाला चाळीस-साठ फेरे देते. माझ्या बारा फेऱ्यांना तिला बारा ते अठरा सेकंद लागतात. हे संथ आहे, पण चालतं. तिच्यात एक खोच आहे, जिने माझा पूर्ण एक शनिवार खाल्ला. पुष्कळ वायपर मोटरींमध्ये निगेटिव्ह तार वेगळी नसते, मोटरचं धातूचं अंगच निगेटिव्ह असतं. वायपरला उलट फिरायचं नसतं, त्यामुळे गाडीत ते चालून जातं. सोंडेला मात्र दोन्ही बाजूंना फिरायचं आहे, म्हणजे प्लस-मायनस उलटे करायचे आहेत. उलटे केले की मोटरच्या अंगावर प्लस येतो, अंग ट्रॅक्टरच्या लोखंडाला बोल्टने आवळलेलं, आणि फ्यूज जातो. मी तीन फ्यूज घालवल्यावर हे ध्यानात आलं. उपाय साधा आहे: मोटर आणि पट्टी यांच्यात नायलॉनची चकती, बोल्टांना नायलॉनच्या नळ्या, आणि शाफ्टच्या जोडणीतही रबर किंवा प्लॅस्टिकचा तुकडा, नाहीतर वीज दांड्यातून लोखंडाला पोहोचते. तीन ब्रश असलेल्या मोटरीचा हळू वेगाचाच ब्रश वापरावा. जलद वेगाचा ब्रश एका बाजूला सरकवून बसवलेला असतो, त्यामुळे उलट फिरताना ती नीट चालत नाही.

गाडीची काच वर-खाली करणारी मोटर छोटी आणि सुबक, पण ती काही सेकंद चालण्यासाठीच बनवलेली असते. तापली की आतला संरक्षक स्विच तिला बंद करतो, आणि तो नेमका टपालपेटीपाशी करतो. विंचची मोटर दुसऱ्या टोकाची. शंभर अँपिअर ओढणारी ती मोटर गोठलेलं कडंही फिरवेल, आणि फिरलं नाही तर दाते मोडून पुढे जाईल. काही जण सोंडेभोवती तारेचा दोर गुंडाळून दोन्ही टोकं विंचच्या ड्रमवर नेतात. दोर सैल पडतो, ओला होऊन गोठतो. मी ही पद्धत सुचवणार नाही. ज्याला थोडे अधिक पैसे घालता येतात त्याने १२ व्होल्टची, वर्म गिअरबॉक्ससह येणारी, मिनिटाला ऐंशी ते दीडशे फेऱ्यांची सीलबंद मोटर घ्यावी. तिचं अंग विजेपासून वेगळं असतं आणि पीळ किती मिळेल ते कागदावर लिहिलेलं असतं.

मोटर कुठे बसवायची यावर दोन पक्ष आहेत. एक पक्ष ती थेट वर्मपाशी, ब्लोअरवर बसवतो. दुसरा जुना दांडा तसाच ठेवतो आणि हँडलच्या जागी मोटर लावतो. मी दुसऱ्या पक्षात आहे. मोटर बर्फाच्या माऱ्यापासून दूर राहते, तार छोटी होते आणि जुनं काही तोडावं लागत नाही. फक्त मोटर चौकटीला घट्ट आवळायची नाही. ब्लोअर वर-खाली होताना दांडा डोलतो, आणि घट्ट मोटरचं बेअरिंग त्यात जातं. मोटर दांड्यावरच लटकू द्यायची आणि ती स्वतःभोवती फिरू नये एवढ्यापुरती एक पट्टी खाचेत अडकवायची.

वायरिंगचा भाग छोटा आहे, पण थंडीत बंद पडलेल्या बऱ्याच जोडण्यांत दोष तिथेच सापडतो. घरातल्या दिव्यांना वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची तार घेतली, जाऊन-येऊन दहा मीटर धरली आणि २० अँपिअर वाहिले, तर सव्वादोन व्होल्टांहून अधिक तारेतच जातात; बारातले सव्वादोन म्हणजे मोटर रडतच फिरणार. चार चौरस मिलिमीटरची घेतली तर एकच व्होल्ट जातो, तोही पुरा नाही. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. सोडला की आपोआप मधे येणारा स्विच हवा, आणि मोटरचा सगळा प्रवाह त्या छोट्या स्विचमधून न नेता पाच पिनांचे दोन रिले वापरावेत. त्यात एक सुंदर गोष्ट आपोआप साधते. बटण न दाबता मोटरची दोन्ही टोकं निगेटिव्हला जोडलेली असतात. डावं बटण दाबलं की एक टोक पॉझिटिव्हला जातं, उजवं दाबलं की दुसरं. बोट उचललं की दोन्ही टोकं पुन्हा एकमेकांना जोडली जातात, फिरती मोटर क्षणभर जनरेटर होते आणि स्वतःलाच रोखते. सोंड जिथे हवी तिथे थबकते, पुढे घरंगळत नाही. मी पहिल्यांदा एका कंपनीचं तयार किट घेतलं होतं, त्यात हे नव्हतं. सोंड प्रत्येक वेळी हातभर पुढे जाई आणि मला परत आणावी लागे. त्याच किटचा जोड पाणी आत घेणारा होता आणि डिसेंबरातच हिरवा पडला. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत एवढं तरी असायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

हायड्रॉलिकचा मार्ग वेगळ्या स्वभावाचा आहे. आपल्याकडे पलटी नांगर तेलाच्या ज्या जोडणीवर उलटतो, तशीच जोडणी इथल्या ट्रॅक्टरच्या मागे असेल आणि ती रिकामी असेल, तर लहान हायड्रॉलिक मोटर हे सर्वांत दणकट उत्तर आहे. १९५०च्या दशकात मिनेसोटातल्या लिन चार्लसनच्या कंपनीने बाजारात आणलेली ऑर्बिट मोटर, किंवा तिच्या वंशातली कुठलीही, गिअरबॉक्सशिवाय हळू आणि जोरात फिरते. ओल, बर्फ, गोठणं यांचं तिला काही वाटत नाही.

तिचा धोका हाच की तिला फार शक्ती मिळते. हिशोब करून पाहा. मोटर एका फेऱ्याला ५० घन सेंटिमीटर तेल घेते आणि ट्रॅक्टर मिनिटाला २० लिटर देतो असं धरलं, तर ती मिनिटाला ४०० फेऱ्यांनी फिरेल. माझी सोंड पावणेदोन सेकंदांत या टोकाची त्या टोकाला. पिळाचा हिशोब त्याहून भयंकर. ट्रॅक्टरचा दाब १७० बारपर्यंत जात असेल तर अडकलेली मोटर १३५ न्यूटन-मीटरपर्यंत पीळ लावू शकते. मोकळ्या कड्याला साडेचार लागतात हे लक्षात घ्या. शेजारच्या एका वयस्क शेतकऱ्याने अशी मोटर बसवली आणि पहिल्याच सकाळी लिव्हर पूर्ण ओढला. सोंड अडथळ्यावर आदळली आणि वर्मचे आटे कड्यावरून दाते खरवडत पुढे गेले. कड्यावर राहिलेली ती चकचकीत ओरखड्यांची रांग मी बोटाने चाचपून पाहिली आहे. सात दाते अर्धे झाले होते.

म्हणून हायड्रॉलिकमध्ये दोन गोष्टी गाळायच्या नाहीत. एक, तेलाच्या वाटेत प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह. प्रवाह पाच लिटरवर आणला की तीच मोटर शंभर फेऱ्यांवर येते आणि सोंड सात सेकंदांत फिरते, हे माणसाच्या नजरेला जमणारं आहे. पण प्रवाह कमी केल्याने अडकल्यावरचा दाब कमी होत नाही. त्यासाठी दुसरी गोष्ट लागते: मोटरच्या दोन्ही नळ्यांमधला क्रॉसओव्हर रिलीफ व्हॉल्व्ह. तो तीस बारला लावला तर पीळ चोवीस न्यूटन-मीटरच्या वर जात नाही, सोंड टोकाला टेकली की तेल आपलं बाजूने निघून जातं. पुष्कळ जण पहिला बसवतात आणि दुसऱ्याचे पैसे वाचवतात. तो शेतकरीही वेगाचाच विचार करत होता. थंडीचंही ध्यान ठेवावं. उणे वीस अंशांत तेल घट्ट होतं आणि सकाळी सोंड मुंगीच्या पावलाने फिरते. ते पाहून व्हॉल्व्ह उघडून ठेवला, तर तासाभराने तेल गरम झाल्यावर ती सुसाट सुटते. वेग नेहमी गरम तेलावर ठरवावा.

सिलिंडर आणि साखळीचीही पद्धत आहे. तीस सेंटिमीटर व्यासाचं कडं अर्धं फिरवायला साखळी सत्तेचाळीस सेंटिमीटर ओढावी लागते, म्हणजे तेवढाच लांब सिलिंडर हवा, किंवा मधे कप्पी घालून त्याची लांबी निम्मी करावी लागते. मोठ्या यंत्रांवर जागा असते, तिथे हे शोभतं. लहान ब्लोअरवर गर्दी होते. इलेक्ट्रिक अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे आत-बाहेर सरकणारा दांडा, सोंड फिरवायला मला पटत नाही, कारण सव्वाशे-दीडशे अंशांपुढे तो कोनातच अडकतो. वरच्या झडपेला मात्र तो अगदी योग्य आहे. टोकाला पोहोचल्यावर थांबण्याचे स्विच त्याच्या पोटातच असतात, आणि झडपेला चार-सहा इंचांहून अधिक हलायचं नसतंच. सोंड आणि झडप दोन्ही हव्या असतील आणि तेलाची जोडणी एकच असेल, तर विजेवर चालणारा वाटप-व्हॉल्व्ह मिळतो. लिव्हरवरचं बटण दाबून धरलं की झडप, सोडलं की सोंड.

ट्रॅक्टरच्या पुढे लागणाऱ्या ब्लोअरची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. तिथे मान वळवावी लागत नाही, आणि पुढचा लोडर उतरवलेला असल्याने त्याच्या जॉयस्टिकच्या तेलाच्या चार नळ्या मोकळ्या असतात. दोन ब्लोअर उचलायला, दोन सोंडेला. तिथे इलेक्ट्रिकचा विचार करण्याचं कारणच उरत नाही. मागच्या ब्लोअरला, जर तेलाची जोडणी आधीच असेल तर हायड्रॉलिक, नसेल तर केवळ सोंडेसाठी ती बसवण्याचा खर्च करू नये. गिअरबॉक्सची इलेक्ट्रिक मोटर पुरते. वायपरची मोटर ज्याला हाताने काम करायला आवडतं त्याच्यासाठी, आणि फक्त मोकळ्या कड्यावर.

टोकाला थांबणं हा इलेक्ट्रिकमध्येही प्रश्न आहेच. हाताला अडथळा जाणवतो, मोटरला जाणवत नाही. दोन टोकांना लिमिट स्विच लावावेत असं पुस्तकी उत्तर आहे. बर्फात ते गोठतात, म्हणून मी दांडा आणि मोटर यांच्या जोडात मऊ धातूची पातळ पिन घालतो. ऑगरला जसा शिअर बोल्ट असतो, तसाच हा त्याचा धाकटा भाऊ. सोंड अडली तर दोन मिनिटांत बदलता येणारी पिन तुटते, दाते वाचतात. डब्यात अशा सहा पिना असतात, मागच्या हिवाळ्यात दोन लागल्या.

त्या दोन्ही सकाळीच तुटल्या, हे महत्त्वाचं. काम संपवून ट्रॅक्टर शेडमध्ये आणला की सोंडेत राहिलेला बर्फ पंख्याच्या उरल्या उबेने वितळतो, पाणी कड्यात उतरतं आणि रात्री तिथेच गोठतं. सकाळी कडं म्हणजे एकसंध दगड. यावर मोटर वाढवणं हा उपाय नाही. काम संपलं की पीटीओ चालू ठेवून ब्लोअर रिकामा अर्धा मिनिट फिरवायचा, सोंड दोन्ही टोकांना दोनदा नेऊन आणायची, म्हणजे पाणी झडतं. सकाळी बटण एकदम दाबून धरायचं नाही, डावं-उजवं असं थोडं थोडं हलवून पाहायचं. आणि मोटरवर डबा बसवला असेल तर त्याच्या तळाला भोक ठेवायचं. पूर्ण बंद डब्यात दमट हवा अडकते, पाणी साचतं आणि मोटर आतून गंजते.

सुरक्षेबद्दल एकच सांगायचं आहे, पण ते जिवाच्या तळमळीने. ओल्या बर्फाने सोंड तुंबते, विशेषतः झडप खाली असताना. अशा वेळी आत हात घालायचा नाही. इंजिन बंद असलं तरी दाबलेल्या बर्फाने अडकलेल्या पंख्यात ताण उरलेला असू शकतो, आणि बर्फ निघताच तो उसळतो. हाताच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर इथे दर हिवाळ्यात हेच बजावतात. सोंडेला मोटर बसवल्यावर त्यात एक धोका नव्याने वाढतो: माणूस मागे सोंडेपाशी आणि केबिनमध्ये बसलेल्या पोराचं बोट बटणावर. पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, आणि मग लाकडी दांडक्याने बर्फ पाडायचा. माझ्या ब्लोअरच्या बाजूला असं एक दांडकं क्लिपमध्ये कायम अडकवलेलं आहे.

जुनं हँडल मी टाकलेलं नाही. जिथे मोटर दांड्याला जोडली आहे तिथली एक पिन ओढली की मोटर सुटते आणि हँडल पूर्वीच्याच भोकात बसतं. गेल्या फेब्रुवारीत रिले गेला तेव्हा उणे अठरा अंशांत, हातमोजे न काढता, एवढं मला करता आलं. पिनेला लाल दोरी बांधलेली आहे, हँडल सीटमागच्या हुकावर टांगलेलं असतं. एप्रिलमध्ये ब्लोअर उतरवताना मी कड्याला पुन्हा काटा लावतो आणि आकडा शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहितो. या वर्षी तो साडेतीन होता.